पन्नास मिनिटांची खिंड

पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार म्हटलं की मी आधी गुडघ्यांना तेल लावून घेते. डोंगर चढायचा असतो म्हणून नव्हे. मुद्रितं तपासायला खुर्चीत चार-चार तास बसावं लागतं, आणि उठताना गुडघे असे काही बोलतात की शेजारच्या खोलीतले आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, तिथूनच विचारतात, "काय मोडलं?"

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या डोंगरांच्या, गडांच्या वाटा सांगणारं एक खिशात मावणारं पुस्तक मी तरुणपणी लिहिलं. त्यानंतर आणखी चार लिहिली, पण लोकांना माहीत आहे ते पहिलंच. प्रत्येक डोंगराला दोन-तीन पानं आणि शेवटी एक चौकट. पायथ्याचं गाव, एसटी कुठून, पाणी कुठे, वेळ किती. गेली चाळीस वर्षं माझा उद्योग म्हणजे ही चौकट दुरुस्त करत बसणं. मुक्कामी गाडी बंद होते. झऱ्यावर कोणी मोटर बसवतो. ज्या वडापाशी 'डावीकडे वळावे' असं मी लिहिलं तो वड रस्ता रुंद करताना जातो. मग मी लिहिते, 'पूर्वी वड होता तिथे डावीकडे वळावे.' ज्यानं तो वड कधी पाहिलाच नाही त्यानं काय करावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. डोंगरांचा नाही, माझ्याच वाक्यांचा. 'वाट दमछाक करणारी असली तरी रमणीय आहे' हे वाक्य या पुस्तकात अकरा ठिकाणी आहे. यंदा मोजलं. अकरा डोंगरांवर त्या बयेला दुसरं काही सुचलं नाही. ही बया म्हणजे मीच, तिशीतली. तिच्यावर माझा लोभ आहे, पण ती समोर बसली असती तर एक चापट दिली असती.

इतक्या आवृत्त्यांत मी सगळं बदललं. एक रकाना मात्र कधी बदलला नाही. वेळ. त्याचीच ही गोष्ट आहे.

मी मूळची सांगलीची, अगदी नदीजवळची. सांगलीत चढ म्हणजे घाटाच्या पायऱ्या, आणि फार तर सायकलवरून पूल. लग्न होऊन साताऱ्याला आले, शाळेत भूगोल शिकवायला लागले, आणि खिडकीतून रोज अजिंक्यतारा बघून बघून डोक्यात वारं शिरलं. कॅनव्हासचे बूट आणले. गळ्यात शिट्टी अडकवली, जी आयुष्यात एकदाच वाजवली, तीही बस थांबवायला. होकायंत्र घेतलं. भूगोलाची शिक्षिका असूनही ते नीट वाचता येत नव्हतं. त्यामुळे ते हातात धरून मी गंभीर चेहरा करायची आणि वाट गुराख्याला विचारायची.

सोबतीला आमचे हे. रहिमतपूरच्या बाजूच्या शेतकरी घरातले, पलटणीत होते, तेव्हा नाईक. वर्षातून दोन महिने सुट्टी मिळायची. त्यांची साधी अपेक्षा होती की घरी यावं, उसाला पाणी पाजावं, दुपारी ओट्यावर आडवं व्हावं. त्याऐवजी बायको त्यांना पहाटे उठवून डोंगरावर न्यायची. एकदा म्हणाले, "तिकडं सरकार चढवतंय, हितं तू. मी सपाटीवर कवा राहायचं?" पण यायचे. मनगटावर चावीचं घड्याळ आणि शर्टाच्या खिशात वही. वेळा टिपायचं काम त्यांच्याकडे.

आता चालण्याचं सांगते. ते पलटणीच्या चालीनं चालायचे. एकच लय, न बोलता, न थांबता. मी सुरुवातीची दहा मिनिटं त्यांच्या पुढे असायची, ओढणी कमरेला खोचून, जणू मागे तोफा लागल्यात. मग मला फुलं दिसायची. दम लागला की मला नेहमी फुलं दिसत. मी वाकून त्यांचं निरीक्षण करायची, आणि तोवर हे वळणाआड गेलेले असायचे.

ज्या डोंगराची ही गोष्ट आहे त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही लगेच पुस्तक उघडून वेळ बघाल. आम्ही घरात त्याला खिंडीचा डोंगर म्हणतो, तेच इथेही म्हणते. दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळ आहे. पायथ्यापासून खिंडीपर्यंत उभा चढ, मध्ये एक उंबराचं झाड, आणि खिंडीतून अर्ध्या तासावर माथा. माथ्यावरून कृष्णा दिसते, वळण घेत घेत गेलेली, एका नजरेत. त्या दिवशी हे खिंडीत पन्नास मिनिटांत पोचले. मी पोचले सव्वादोन तासांत. पोचले म्हणजे आले एकदाची. हे एका दगडावर पाय पसरून बसले होते, निम्मा डबा संपवून.

घरी आल्यावर पुस्तकासाठी चौकट लिहायला बसले. खिंडीपर्यंत वेळ? मी लिहिलं, पन्नास मिनिटं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रकाशक भला माणूस होता, त्यानं विचारलंही नसतं. पण मला वाटलं, पुस्तकावर बाईचं नाव आहे. सव्वादोन तास लिहिले तर लोक म्हणतील, बायकांचं पुस्तक. शिवाय कोणीतरी पन्नास मिनिटांत गेलं होतंच की. मग ते खोटं कसं? अशी स्वतःची समजूत घालून मी सगळ्या डोंगरांना यांचे वेळ दिले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्या बयेला शहाणपणा सुचला. खिंडीच्या डोंगराखाली तिनं एक सूचना लिहिली: 'पन्नास मिनिटांत खिंड गाठता आली नाही, तर तिथूनच मागे फिरावे. पुढचा माथा आपला नव्हे.'

लिहून झाल्यावर ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, हेही आठवतं. हे म्हणाले, "मग तू कशी गेलीस वर?" मी म्हटलं, लेखिकेचं वेगळं असतं.

पुस्तक खपलं. भाषणांत माझी ओळख करून देताना लोक वेळेचा उल्लेख करायचे. बाई असून काय पाय आहेत, वगैरे. मी खाली बघून हसायची. त्याला विनय समजत. पत्रंही यायची. कोणी कळवायचं, तुमच्यापेक्षा चार मिनिटं आधी पोचलो. कोणी लिहायचं, बरोबर तुमच्याच वेळेत. ज्यांना जास्त वेळ लागला त्यांची पत्रं कधी आली नाहीत. अशी माणसं पत्र लिहीत नाहीत, गप बसतात. हे मला कळायला चाळीस वर्षं लागली, आणि तीही चार बायका घरी आल्या म्हणून.

यंदा संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारी बेल वाजली. दारात चार बायका, पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, हातात पिशव्या. साताऱ्यात कोणाच्या लग्नाला आल्या होत्या, आणि पुस्तकाच्या मागे छापलेल्या गल्लीच्या पत्त्यावरून विचारत विचारत पोचल्या होत्या. पलूसजवळच्या एका नदीकाठच्या गावच्या. द्राक्षाच्या बागांत कामाला जाणाऱ्या तिघी, आणि चौथी त्यांची पुढारीण, अंगणवाडीतून निवृत्त झालेली सेविका. अंगानं आडवी, बोलणं ठणठणीत, आणि पायरी चढताना आधी उजवा पाय टाकून डावा त्याच्याशेजारी ओढून घेणारी. ती चाल मी लगेच ओळखली. माझीही तीच आहे.

बेदाण्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि पाठोपाठ पुस्तक काढलं. माझंच, तिसरी की चौथी आवृत्ती, पाठ चिकटपट्टीनं जोडलेली. सही हवी होती. मी खूश. चहा टाकला. हे कोपऱ्यात पेपर वाचत होते.

चहा पिता पिता सेविकाबाईंनी सांगितलं ते असं. गावातल्या बायका सहलीला जातात त्या देवाला जातात. या चौघींना एकदा डोंगरावर जावंसं वाटलं. पुस्तक तिच्या मुलीच्या शाळेतल्या बक्षिसात आलेलं, घरात पडून होतं. त्यातला खिंडीचा डोंगर त्यांना जवळ. तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीचं हळदीकुंकू आटपल्यावर, वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपनं पायथ्याला गेल्या. घड्याळ लावून चढल्या. पन्नास मिनिटं झाली तेव्हा त्या उंबराखाली होत्या. पुस्तक उघडून बघितलं. मागे फिरावे, असं छापलेलं. तिथंच भाकरी खाल्ली आणि फिरल्या. पुढच्या वर्षी परत गेल्या. परत उंबर. तिसऱ्या वर्षी आधी महिनाभर बांधावरून चालायचा सराव केला. उंबराच्या पुढे दोन वळणं. यंदाही जाऊन आल्या, दहा दिवसांपूर्वी. उंबरच.

तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती. मी विचारलं, उंबरापर्यंत गेलात तर तशाच पुढे का नाही गेलात? कोण बघत होतं?

"आवं बाई, छापील हाय म्हटल्यावर," ती म्हणाली. "तीस वर्सं छापील कागदापरमानं पोरास्नी खाऊ वाटला मी. किती चमचं ते बी छापलेलं असतंय. आपल्या मनानं वाढवायचं न्हाई."

दुसरी एक हसून म्हणाली, आता त्या उंबराला आमी म्हायेर म्हणतो.

मग सेविकाबाईंनी पुस्तकातलं एक पान उघडलं आणि बोटानं ओळ दाखवली. तीच, कृष्णा एका नजरेत दिसते ती. "जलम काठावर गेला," ती म्हणाली. "पुराचं पाणी उंबऱ्यापातुर आल्यालं बगितलंय. पर सगळी नदी कवा बगितली न्हाई. कुटनं येती, कुटं जाती. तेवढं बगायचं हुतं." डॉक्टरांनी तिला दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलायला सांगितल्या आहेत. उन्हाळ्यात करायच्या. मग डोंगर बंद. तेही तिनं असं सांगितलं की जणू एसटी बंद झाली.

आणि मग तिनं मला विचारलं, "आमच्यासारखीनं टाइम कमी कराया काय करावं, बाई?"

ही जागा होती. इथे मी बोलायला हवं होतं. समोर चार बायका, कोपऱ्यात ज्यांचा वेळ मी छापला ते खुद्द, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांची. आता मला कोण काय म्हणणार होतं? पण मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, पहाटे लवकर निघा, पोटभर खाऊन चढू नका, श्वास नाकानं घ्या. सेविकाबाई मान डोलवत होती. तिघींपैकी एकीनं तिला हळूच सांगितलं, ध्यानात ठेव, नाकानं. मी सही केली. वर लिहिलं, 'माथ्यासाठी शुभेच्छा.'

त्या गेल्या. जाताना हे फाटकापर्यंत पोचवायला गेले, परत आले, पेपर उचलला आणि पेपराआडून म्हणाले, "सही केलीस?"

मी कपबशा उचलून आत गेले. त्या बयेची टिंगल करते मी, पण त्या दिवशी ती स्वयंपाकघरात माझ्याशेजारीच उभी होती. तसूभरही म्हातारी झालेली नव्हती.

त्याच आठवड्यात सांगलीहून मुद्रितं आली. आता प्रकाशन पहिल्या प्रकाशकाचा मुलगा बघतो, तोही पन्नाशीचा. आमच्यात जुनी पद्धत आहे. शेवटच्या मुद्रितावर मी 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही केल्याशिवाय तो यंत्रावर घेत नाही. मी त्याला फोन करून म्हटलं की वेळेचा रकाना सगळाच बदलायचा आहे.

तो आधी हसला. मग म्हणाला, "काकू, एसटीचे आकडे बदला, हॉटेलं बदला. वेळ नका बदलू. तेवढीच तर तुमची ओळख आहे. पोरं रील टाकतात, काकूंचा टाइम मोडला म्हणून."

मी सांगितलं की तो टाइम काकूंचा नाहीच, काकांचा आहे. तो घाईनं म्हणाला, हे बाहेर सांगायची काही गरज आहे का? पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, बाबा रे, पुढची आवृत्ती तू बघशील, मी कुठे बघणार? त्यावर त्यानं नेमका मुद्दा काढला. म्हणाला, बदलून लिहिणार काय? खरे वेळ आहेत का तुमच्याकडे? की आता परत चढणार सगळे डोंगर?

तेही खरंच होतं. फोन ठेवला आणि बसून राहिले. समोर मुद्रितांचा गठ्ठा, आणि त्यातल्या एकाही आकड्याबद्दल मला काही माहिती नाही. वाईट नाही वाटलं, थकवा आला. चाळीस वर्षं ज्या रकान्याला धक्का लावला नाही तो आता रिकामा करायचा, आणि भरायला हाताशी काहीच नाही.

हे उठले, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला शिडी लावली. मी ओरडले की पडाल. पडले नाहीत. ट्रंकेतून वह्या काढल्या, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेल्या. त्यांच्या त्या खिशातल्या. मी विसरूनच गेले होते. उघडून माझ्यासमोर ठेवल्या.

प्रत्येक पानावर डोंगराचं नाव, आणि खाली वेळेचे दोन आकडे. एक शाईपेनानं, एक पेन्सिलीनं. पेनाच्या वेळेपुढे 'मी', पेन्सिलीच्या वेळेपुढे 'तू'. प्रत्येक डोंगराला. दंडोबा, 'मी' वीस मिनिटं, 'तू' पाऊण तास. माझ्या पन्नाशीपर्यंत जेवढे डोंगर आम्ही केले, सगळे. मी धापा टाकत वर पोचले की आधी घड्याळ बघून हे लिहायचे, आणि मग पाणी द्यायचे. मला वाटायचं आपलाच वेळ टिपतायत.

मी विचारलं, माझे कशाला लिहिलेत? मी कधी मागितले नव्हते.

"बसून काय करायचं मग?" ते म्हणाले. "वाट बगायची म्हंजे घड्याळच बगायचं."

"आणि पेन्सिलीनं का?"

"तुझा बदलंल म्हटलं पुडं. सुधरंल." पान उलटत म्हणाले, "सुधरला न्हाई."

पहिल्या वहीत खिंडीच्या डोंगराचं पान काढलं. तिथे 'तू'पुढे काही नव्हतं. कागद उजेडात तिरका धरला तेव्हा पेन्सिलीचा दाब दिसला. दोन तास पंधरा. कोणीतरी खोडरबरानं पुसलं होतं. कोणीतरी म्हणजे कोण, हे आमच्या दोघांनाही माहीत होतं. मला तो खोडरबरसुद्धा आठवला, शाळेतला, एका बाजूनं निळा. मी सगळं विसरले नव्हते तर. सोयीचं तेवढं विसरले होते.

सेविकाबाईंचा नंबर यांच्याकडे निघाला. फाटकाशी यांनीच मागून घेतला होता. कशाला, असं मी विचारलं नाही.

फोन लावला. सगळं सांगितलं. पन्नास मिनिटं माझी नव्हेत, यांची; मला सव्वादोन तास लागले होते, मागे फिरायचं मी उगाच लिहिलं, मी स्वतः फिरले नव्हते. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. तिनं त्यांना हाकललं.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "चार वर्सं आमी तुमच्या मालकांच्या मागं पळत हुतो?"

मी म्हटलं, होय.

ती हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, "तवा माझा गुडगा चांगला हुता वो, बाई. पहिल्या साली तर पळत गेली असती." मग कोणाला तरी, बहुतेक त्या बागवाल्या तिघींपैकी एकीला, तिनं फोन बाजूला धरून सगळं सांगितलं. तिकडे मोठा हशा झाला. परत फोनवर आली तेव्हा आवाज बदललेला होता. म्हणाली, बुधवारी बागेला सुट्टी आहे. आम्ही जातो. तुमी बी या. "घड्याळ तेवढं मालकांचं आणा. बगू दे तरी कसलं हाय."

गेलो. कऱ्हाडपर्यंत एसटी, पुढे रिक्षा, आणि पायथ्यापासून त्या चौघी. मी चढणार असं ठरलं नव्हतं. पायथ्याच्या देवळाच्या पारावर बसून राहणार होते. पण मुद्रितं पिशवीत होती, त्या डोंगराची चौकट रिकामी होती, आणि समोर सेविकाबाई उजवा पाय टाकून डावा ओढत चढायला लागली होती. मीही उठले. हे मागे चालले. आयुष्यात पहिल्यांदा मागे. मला वाटतं त्यांना पुढे जाणं आता जमण्यासारखंही नव्हतं, पण ते तसं बोलले नाहीत.

फुलं नव्हती. त्या दिवसांत तिथे काही फुलत नाही. त्यामुळे मी सरळ बसायची. दहा पावलं, मग दगड. सेविकाबाई आणि मी एकमेकींची वाट बघत चढत होतो, आणि बागवाल्या तिघी पुढे जाऊन आमची. एका बसण्याला ती म्हणाली, नाकानं घेते हाय बरं का श्वास. मी म्हटलं, तोंडानं घ्या, तेही खोटं होतं. तेव्हा ती हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हलकं वाटलं आणि गुडघा तेवढाच दुखत राहिला.

उंबराशी मी संपले. एक तास पन्नास मिनिटं. याच्यापुढे पाऊल उचलेना. मी म्हटलं, मी तुमच्या माहेरी थांबते, तुम्ही व्हा पुढे. सेविकाबाईंनी उंबराच्या बुंध्याला हात लावला, पदर खोचला आणि वर बघितलं. चार वर्षांत त्या झाडाच्या पुढे ती फार तर दोन वळणं गेली होती.

आम्ही दोघं सावलीत बसलो. हे मधूनमधून घड्याळ बघत. मी खालचं बघत होते, उसाची शेतं, कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, कुठेतरी पेटवलेल्या पाचटाचा धूर. तो धूर दरीभर पसरत चालला होता. एवढं करून वर गेल्यावर धुरात काही दिसलंच नाही तर? पुस्तकात 'एका नजरेत' असं लिहिलेलं. तेही त्या बयेनंच.

दुपार कलताना आवाज आले. आधी तिघी, मग सेविकाबाई, बसत, घसरत, एका काठीवर. काठी वाटेत कुठे तरी मिळालेली. माझ्याशेजारी येऊन तिनं अंग टाकलं. बाटलीतलं पाणी आधी गुडघ्यांवर ओतलं, मग प्यायली. मी विचारायचं धाडस केलं नाही. हे म्हणाले, दिसली का?

"निम्मी," ती म्हणाली. "म्होरं समदा धूर. पर आमचं वळान दिसलं. देऊळ दिसलं. देवळाम्होरं नदी अशी मागं फिरलीया, मला म्हाईतच नव्हतं. आमी आपलं समजत हुतो की सरळ जाती." तिनं मातीत बोटानं ते वळण काढून दाखवलं. मग ते बोट पदराला पुसलं.

बागवाल्या तिघींचं लगेच सुरू झालं की खाली जीप थांबणार नाही, उठा. मी पिशवीतून मुद्रिताचं ते पान काढलं. मागे फिरावे ही सूचना तिथल्या तिथे खोडली. तिच्या जागी काय लिहावं यावर विचार करण्याइतकं त्राण नव्हतं. 'वाटेत उंबर आहे. तिथे बसावे' एवढंच लिहिलं. वेळेच्या रकान्याशी येऊन थांबले.

मी विचारलं, "तुम्हाला खिंडीपर्यंत किती लागले?"

तिला ठाऊक नव्हतं. यांना होतं. ते म्हणाले, ही पोचल्यावर खिंडीतून तिघींनी हाक मारली तेव्हा बघितलं, बसण्यासकट तीन तास पाच मिनिटं. आणि शर्टाच्या खिशातून त्यांनी वही काढली, नवीच, मला न सांगता आणलेली, आणि सवयीनं पेन्सिल.

"पेनानं लिहा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझा पेन मागून घेतला, आणि वहीत लिहिलं. मी ते मुद्रितावर उतरवलं. मग खाली, जिथे लिहायचं तिथे, 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही केली. गुडघ्यावर कागद ठेवून केल्यामुळे ती जरा वाकडी आली आहे. प्रकाशक त्यावरूनही काहीतरी बोलेल.

मग आम्ही सहा जणं उठायला लागलो. ते एकाच वेळी जमेना. सेविकाबाईंनी मला हात दिला, मी तिला, आणि दोघी परत खाली बसलो. हे घड्याळाला चावी देत उभे होते. म्हणाले, निवांत. जीप गेली तर दुसरी येईल.